मौनीबाबाचं बारदान

योगिनी कंधारकरच्या पायाला भिंगरी आहे, हे हैदराबादच्या गौलीगुड्यात तिच्या जन्मापासून सगळ्यांना माहीत आहे. पाळण्यात झोपली नाही, बालवाडीत बसली नाही, आणि बत्तीस वर्षांची होऊन ताऱ्यांवर डॉक्टरेट मिळवून आली तरी बूड म्हणून एका जागी टेकत नाही. चहाचा कप गॅलरीत, चष्मा देव्हाऱ्यासमोर, आणि ही बाई तिसरीकडेच. अशा मुलीने अख्ख्या आकाशातून शोधून काढला तो काय, तर एक शांत तारा. जयवंताबाई, म्हणजे योगिनीची आई, हे ज्याला त्याला हसून सांगायच्या. घरात नाही तर नाही, आकाशात तरी शांतता सापडली म्हणायच्या पोरीला.

शांत तारा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आकाशात लाल, बुटक्या ताऱ्यांची नुसती भाऊगर्दी आहे. अंगाने लहान, पण स्वभावाने महातापट. बसल्या बसल्या भडकतात आणि क्ष-किरणांचे लोट सोडतात. जवळ एखादा ग्रह फिरत असला, तर त्या बिचाऱ्याची हवा हळूहळू उडून जाते, आणि हवा गेली की सगळंच गेलं. हे क्ष-किरण जमिनीवरून दिसत नाहीत. आपली हवा ते वरच्या वर गिळून टाकते, म्हणून तर आपण जिवंत आहोत. तेव्हा ते बघायचे तर दुर्बीण अवकाशातच पाठवावी लागते.

योगिनीकडे कुठली आली दुर्बीण! पण परदेशी उपग्रहांनी टिपलेली जुनी निरीक्षणं वर्षभराने सगळ्यांना खुली होतात. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावीत. दोन हजार एकवीस सालचं असंच एक निरीक्षण तिला मिळालं. कुणीतरी दुसऱ्याच कशासाठी नऊ तास दुर्बीण रोखली होती, आणि चित्राच्या कोपऱ्यात हिचा लाल तारा आपसूक आला होता. पद्धत सोपी असते. तारा जिथे असायला हवा तिथे एक गोल काढायचा, आणि नऊ तासांत त्या गोलात क्ष-किरणांचे किती कण पडले ते मोजायचे. योगिनीने गोल काढला. कण निघाले अकरा. रिकाम्या आकाशातही तेवढे पडतातच. म्हणजे ताऱ्याकडून काहीच नाही, ब्र नाही. आणि या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा एक ग्रह फिरतो, हे आधीपासून ठाऊक होतं! शांत ताऱ्याजवळचा ग्रह म्हणजे हवा शाबूत असण्याची शक्यता. तिचा लेख छापून आला, चार लोकांनी वाखाणला, आणि पुण्याच्या मानसीने त्या ताऱ्याचं नाव ठेवलं मौनीबाबा.

मानसी तिची शिकतानाची मैत्रीण. दोघी एका खोलीत राहिलेल्या, एकमेकींच्या ताटातलं खाल्लेल्या. मानसीचा विषय ग्रहांची हवा. मौनीबाबाच्या ग्रहाला हवा आहे का, हे बघण्यासाठी अवकाशातल्या सगळ्यांत मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागायचा तिने घाट घातला होता. तीन वर्षं तिने त्यावर घालवली होती, आणि त्या अर्जाचा पायाच मुळी योगिनीचा आकडा होता. तारा शांत असेल तरच तो खटाटोप, नाहीतर एवढी महागडी दुर्बीण तिकडे कोण वळवू देतं? फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला अर्ज बंद होणार होते.

आणि लगेच पुढच्या सोमवारी योगिनीची मुलाखत. हैदराबादच्याच विद्यापीठात, जिथे ती मार्चअखेरपर्यंतच्या करारावर होती, तिथे एक कायमची जागा निघाली होती. सहा वर्षं पुणं, जर्मनी, परत पुणं असं फिरून झाल्यावर आपल्या गावात, आपल्या घरून जाऊन करायची नोकरी. तिच्या प्रमुख डॉक्टर मेधा सरदेशमुखांनी त्या जागेसाठी तिच्या बाजूने जिवाचं रान केलं होतं. भिस्त सगळी मौनीबाबावरच.

आता इतकं सगळं जमून आल्यावर माणसाने स्वस्थ झोपावं की नाही? पण योगिनीच्या मनात पाल चुकचुकत होती. तिच्या चित्रात, रिकाम्या गोलापासून थोडं मागे, एक ठिपका होता. चांगला ठसठशीत. सूचीत त्याच्यापुढे ‘ओळख नाही’ असं लिहिलेलं. असे ठिपके बहुतेक वेळा फार लांबच्या एखाद्या दीर्घिकेचे निघतात, म्हणून तिने लेखात एक ओळ टाकून तो निकालात काढला होता. कुणी विचारलंही नाही. पण ठिपका काही तिला सोडेना. गोलापासूनचं त्याचं अंतर तिने मोजून ठेवलं होतं, चौसष्ट विकला. विकला म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग, काहीच नाही म्हणा ना. चौसष्ट योगिनी आपण ऐकून होतो, इथे एका योगिनीच्या मागे चौसष्ट लागले होते. भाजी निवडताना चौसष्ट, दात घासताना चौसष्ट. त्या आठवड्यात तिने चित्र तीसेक वेळा तरी उघडलं असेल, आणि दर वेळी काही न सापडता बंद केलं.

त्या शुक्रवारी ती घरूनच काम करत होती. काम कसलं, येरझारा. सकाळी मानसीचा निरोप आला की अर्ज तयार आहे, तुझा आकडा शेवटचा एकदा बघ आणि हो म्हण, की टाकते. योगिनीने ‘हो’ लिहिलं, खोडलं, ‘दुपारी कळवते’ लिहिलं. तिच्या त्या फेऱ्यांनी जयवंताबाईंना गरगरायला लागलं. त्यांनी तिच्या हातात डबा कोंबला आणि आबांना दुकानावर देऊन ये म्हणून बाहेर काढली.

आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, एकनाथरावांचं, बेगम बाजारात मिरचीचं ठोक दुकान. त्यांच्या वडिलांपासूनचं. योगिनी स्कूटर लावून, शिंकत, नाकाला ओढणी धरून आत शिरली, तर तिथे वेगळंच रामायण चाललेलं. हमाल पोती उचलत होते, आणि आबा एका पोत्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. पोत्यावर गेरूची एक आडवी रेघ होती. दुकानात वजन मांडणारा उदय, आबांचा लांबचा पुतण्या, दीडेक महिन्यापूर्वी भालकीहून आलेला, खाली मान घालून उभा होता.

प्रकार असा होता. मिरची पोत्यासकट तोलतात आणि मग पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, त्यातून वजा करतात. साधारण किलोभर. पण खम्ममकडून येणारी लिंगव्वा नावाची एक बाई चार गावांची मिरची गोळा करून आणायची, आणि ती घरूनच नुसत्या मिरचीचं वजन करून यायची. तिची वजनं बारदान वजा जाऊनच लिहिलेली असायची. अशा पोत्यावर गेरूची रेघ ओढायची, म्हणजे कुणी परत वजाबाकी करायची नाही, असा या दुकानाचा रिवाज. सकाळी उदयने पोती थप्पीला लावली ती नेमकी रेघ भिंतीकडे करून. नंतर लिहायला बसला, रेघ दिसली नाही, आणि त्याने सरसकट बारदान वजा करून टाकलं. बावीस पोती, बावीस किलो. लिंगव्वा चिठ्ठी घेऊन गेली होती, आणि तिची बस पावणेदोनला होती.

उदय बिचारा म्हणाला की मी मोटरसायकलवर जाऊन चिठ्ठी देऊन येतो. योगिनी म्हणाली, आबा, फोन करा ना, नंबर असेल. आबांनी नवी चिठ्ठी लिहिली, टोपी घातली आणि पायांत चप्पल सरकवली.

“नक्को,” ते म्हणाले. “कमी आपल्या दुकानातून गेलं. हमाल पाठवून सांगायची गोष्ट नाही ही. चल योगे, स्कूटर काढ.”

आबा एकाहत्तर वर्षांचे. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण त्यांच्या डोक्यात एकदा बसलं की ब्रह्मदेव आला तरी काढू शकत नाही. बेगम बाजारातून बसस्थानक तसं हाकेच्या अंतरावर, पण दुपारी एक वाजता त्या गल्ल्यांतून स्कूटर काढणं म्हणजे सुईतून दोरखंड ओवणं. पुढे हातगाडी, मागे टेम्पो, मध्ये एक गाय आपल्या बापाचा रस्ता असल्यासारखी उभी. योगिनी हॉर्नवर अंगठा दाबून बसली. उदयने एवढी साधी गोष्ट कशी काय चुकवली, असं ती चिडून आबांना म्हणाली.

मागून आबा म्हणाले, “रेघ होती गं. त्याने उलटून बघितलं नाही. एकदा काढलेलं त्याने परत काढलं, एवढंच.”

योगिनीचा अंगठा हॉर्नवरून निघाला.

एकदा काढलेलं परत काढलं. तारे स्थिर नसतात, हे शाळेतल्या मुलांनाही सांगतात. मौनीबाबा तर आपल्या अगदी शेजारचा, त्यामुळे त्याची चाल डोळ्यांत भरण्याइतकी. दर वर्षी चार विकला सरकतो. ताऱ्यांच्या जागा नोंदवलेल्या सारणीतली त्याची जागा दोन हजार सालची धरून योगिनीने त्यात एकवीस वर्षांची चाल मिळवली होती, आणि दोन हजार एकवीसच्या चित्रावर तिथे गोल काढला होता. पण त्या सारणीतली जागा दोन हजार सालची होती का? डोक्यावर ठळक २००० असतं, ते आकाशावर आखलेल्या रेघांच्या चौकटीचं साल. तारा त्या जागी नेमका कधी होता, ते साल वेगळं असतं, शेवटच्या रकान्यात, पडद्याच्या उजव्या काठाबाहेर. सरकवून बघावं लागतं. आणि या सारणीत ते असतं दोन हजार सोळा. सोळा वर्षांची चाल आधीच मिळवलेली होती. तिने ती परत मिळवली. सोळा चोक चौसष्ट.

नऊ तासांच्या त्या चित्रात ती ताऱ्याला अशा जागी शोधत बसली होती, जिथे तो अजून पोचलेलाच नव्हता. पोचायला सोळा वर्षं होती. तारा मागे होता. तो ठिपकाच तारा होता. टेम्पोवाला मागून ओरडायला लागला, आबांनी खांद्यावर थाप मारून विचारलं की काइकू थांबलीस, तेव्हा कुठे तिने गाडी पुढे घेतली.

बसस्थानकावर लिंगव्वा खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, तोंडात पान. आबा बसमध्ये चढले. योगिनी खिडकीखाली उभी राहून ऐकत होती. तेलुगू तिला बाजारापुरती येते, पण तेवढी पुरली. आबांनी नवी चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाले की आमच्याकडून बावीस किलो कमी लिहिले गेले, चूक आमची. लिंगव्वाने चिठ्ठी घेतली, न बघता पिशवीत टाकली.

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “मी घरी मोजून आणते.”

आबांनी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, वीस वर्षं येतेय, म्हटलं बघू. मग पान गालात सरकवून तिने एवढंच जोडलं, की पुढच्या खेपेलाही घरी मोजूनच आणीन, पण आणीन तुमच्याकडेच. ड्रायव्हरने बस चालू केली तसे आबा घाईघाईने खाली उतरले. येताना सबंध रस्ता योगिनी मनातल्या मनात त्या बाईच्या जागी मानसीला बसवून बघत होती, आणि तिला ते बघवत नव्हतं.

आबांना दुकानावर सोडून ती घरी आली आणि चपला न काढता संगणकापुढे बसली. शेवटचा रकाना सरकवून बघितला. २०१६. कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं, रकान्यावर स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं. तिने गोल पुसला आणि नव्याने काढला, पाच वर्षांची चाल मिळवून. गोल अलगद त्या ठिपक्यावर जाऊन बसला. कण मोजले. एक हजार नऊशे बारा. वेळेप्रमाणे मांडले, तर सहाव्या तासाला असा भडका उडालेला की आलेखाची रेघ कागदाबाहेर जाईल. मौनीबाबा कसले, जमदग्नी निघाले.

खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं तिला आनंद झाला. वेडाच आनंद. इतके दिवस जो ठिपका डोकं खात होता त्याने अखेर तोंड उघडलं होतं, आणि काय तोंड उघडलं होतं! मग तिची नजर घड्याळावर गेली. तीन वाजून दहा मिनिटं.

ती उठली. गॅलरीत गेली, परत आली, पाणी प्यायली, परत गॅलरीत. न सांगितलं तर काय होईल? काही होणार नाही. निदान आज तरी नाही. सोमवारी मुलाखत होईल, जागा मिळेल, आबांना आणि आईला सोडून परत कुठे जावं लागणार नाही. मानसीचा अर्ज मंजूर झाला तर दोन-तीन वर्षांनी ती दुर्बीण तिकडे बघेल, आणि कधीच उडून गेलेली हवा शोधत बसेल. तेव्हा म्हणता येईल, अरे बापरे, चूक झाली. चुका होतात. त्याच सारणीत याच्याआधीही लोक चुकलेत. तिने हे सगळं स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर अजून खाल्लंही नव्हतं.

लेखावर मेधा मॅडमचंही नाव होतं, म्हणून आधी त्यांना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चित्र मागवलं, बघितलं. बाई वाईट नाहीत हो. योगिनीला ही जागा मिळावी म्हणून त्यांनी किती जणांशी वाकडं घेतलं होतं ते तिला माहीत होतं. त्या म्हणाल्या की दुरुस्ती छापायची यात दुमत नाही, छापूच. पण सोमवार होऊ दे. आठ दिवसांनी काय बिघडतं?

“तारा काय पळून जातोय का, योगिनी?”

“पळतोच आहे, मॅडम,” योगिनी म्हणाली. “तीच तर माझी चूक आहे.”

मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या की तुला काय करायचं ते तू कर, माझं नाव कापू नकोस, चुकीवरही माझं नाव आहेच. आणि त्यांनी फोन ठेवला.

चार वाजून पाच मिनिटं. योगिनीने मानसीला ईमेल लिहायला घेतली. छान लिहिली. सारणी, साल, आकडे, चित्र जोडलेलं, खेद वगैरे. पाठवायच्या बटणावर बोट गेलं, आणि तिला आबा आठवले, टोपी घालून उन्हात निघालेले. हमाल पाठवून सांगायची गोष्ट नाही ही. साडेपाचच्या आत पुण्याला पोचायला पंख नव्हते, पण तोंड तरी दाखवता येत होतं. तिने ईमेल तशीच ठेवली आणि व्हिडिओ कॉल लावला.

मानसी हसतच आली. मागे तिच्या खोलीत कुणीतरी पेढ्यांचा डबा फिरवत होतं, अर्ज जायच्या आधीच. योगिनीने आडपडदा ठेवला नाही. एका दमात सांगितलं, की मी एकदा मिळवलेली चाल परत मिळवली, तारा तिथे नव्हताच, मागे होता, आणि तो शांत नाही. मानसीच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम नाही गेलं, थोडं थोडं करून गेलं, आणि ते बघणं सगळ्यांत वाईट होतं. तिने मागच्यांना हाताने बाहेर जायला सांगितलं.

“तीन वर्षं, योगे,” मानसी म्हणाली. “तीन वर्षं. आणि तू मला सव्वाचारला सांगतेस?”

“मला आज दुपारी दीडला कळलं.”

“मेल टाकली असतीस तर निदान तुझं तोंड तरी बघावं लागलं नसतं.”

पडदा काळा झाला. साडेपाच वाजून गेले. अर्ज गेला नाही हे तिला दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

रात्री जेवताना तिने आबांना सांगितलं. त्यांना ताऱ्यांतलं काय कळतं? पण पोत्यांतलं सगळं कळतं. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, कमी कुणाचं गेलं. मानसीचं, ती म्हणाली. सांगितलंस? हो. कसं सांगितलंस? व्हिडिओवर. आबांनी थोडा विचार केला.

“चालेल,” ते म्हणाले. “पुणं लांब आहे.”

जयवंताबाईंनी डोळ्याला पदर लावला, कारण सोमवारचं काय होणार हे त्यांना न सांगता कळलं होतं. शनिवारी सकाळी योगिनीच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला गेरूचा एक खडा होता. कुणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती. तिने संगणकाच्या पडद्याच्या चौकटीवर, उजव्या काठाला, बोटभर लांबीची रेघ ओढली.

सोमवारी मुलाखतीत तिने पहिलंच चित्र दाखवलं ते चुकीच्या गोलाचं. समोर बसलेल्या पाच जणांपैकी दोघांनी मान डोलावली, एकाने घड्याळ बघितलं. जागा मिळाली दुसऱ्याच एका मुलाला. हुशार आहे, योगिनीच म्हणते. मेधा मॅडम पंधरा दिवस कामापुरतं बोलल्या, मग दुरुस्तीचा लेख स्वतः बसून तिच्याबरोबर लिहिला, आणि कुठून कुठून जुळवाजुळव करून तिचा करार सहा महिन्यांनी वाढवून आणला. सहा महिने म्हणजे सप्टेंबर. पुढे काय, कुणास ठाऊक. मानसीचा एक शब्द नाही. योगिनीने दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. लिंगव्वा मार्चमध्ये दोन खेपा करून गेली, आणि उदय आता प्रत्येक पोतं चारी बाजूंनी उलटून बघतो, इतकं की हमाल वैतागतात. योगिनी मात्र रात्रंदिवस घरात फिरत असायची. आधी निदान चौसष्टचा आकडा होता सोबतीला, आता तोही नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस, भर दुपारी, मानसीचा निरोप आला. कशी आहेस नाही, काही नाही. एक यादी. एकेचाळीस तारे, सगळे लाल, सगळ्यांना ग्रह. खाली दोन ओळी होत्या.

“यातला खरा शांत कोण ते शोधून दे. तपासणार मी एकूण एक, पण मोजून तू द्यायचं.”

योगिनीने ते तीनदा वाचलं. मग ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं, पहिल्या ताऱ्याची सारणी उघडली, आणि आकडे बघायच्या आधी शेवटचा रकाना ओढून गेरूच्या रेघेपाशी आणला. त्या दिवशी ती सलग चार तास खुर्चीवरून उठली नाही. जयवंताबाईंनी दोनदा येऊन तिच्या कपाळाला हात लावून बघितला.